घंगाळातला शेठजी

आमच्या ह्यांचं नाव बसलिंगप्पा. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं म्हणून आता काय आभाळ कोसळत न्हाई. साठी उलटली, गुडघे कामातून गेले, आता भ्यायचं कुणाला? मी त्यांची बायको, पार्वतम्मा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्याची, पितळेची भांडी. स्टील ह्यांनी नाइलाजानं ठेवलं, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली सगळ्यात मागच्या फळीवर, कुणाला दिसू नयेत अशी. अन् प्लास्टिक? प्लास्टिकचा साधा मग आमचा उंबरा ओलांडून आत आला न्हाई. न्हाणीत पितळेचा तांब्या. पायावर पडला की अंगठा आठवडाभर काळानिळा राहतो, पण घराची इज्जत राहते म्हणं.

माणूस तसा वाईट न्हाई. दारू न्हाई, पत्ते न्हाई, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. हट्टी मात्र असा, की महादेव समोर येऊन उभा राहिला तर त्यालाबी आधी टिचकी मारून बघतील, आवाज कसा येतो म्हणून. भांडं खरं का खोटं हे टिचकीवरून ओळखायची सवय. ती दुकानात राहिली असती तर मी काय बोलले नसते. पण हे टरबुजाला टिचकी मारतात, दाराला मारतात, डॉक्टरच्या टेबलाला मारतात. वीरेशसाठी, म्हणजे आमच्या पोरासाठी, पहिली मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांचा ट्रे समोर आला. ह्यांनी ट्रेला टिचकी मारली अन् भरल्या बैठकीत म्हणले, "पत्रा हाय." ते स्थळ तिथंच मोडलं.

तर असल्या माणसानं मासा पाळला.

झालं काय, दुकान चालंना. तेव्हा कुण्या दीडशहाण्यानं सांगितलं की गल्ल्याच्या बाजूला काचेच्या पेटीत मासा ठेवा, बरकत येती. हे गेले अन् एक घेऊन आले. मासे विकणारा म्हणला, "काका, गौरामी हाय, गरीब जात हाय, भाजीपाला बी खाते." बोटाएवढा होता. पुढं केवढा होतो हे त्यानं सांगितलं न्हाई अन् ह्यांनी विचारलं न्हाई. टिचकी मारायची सोय नव्हती, म्हणून फसले. दुकानाला बरकत आली न्हाई, सगळी बरकत त्या माशाच्या अंगाला लागली. पहिली पेटी लहान पडली, दुसरी पडली, मग पाच फुटांची करून घेतली. हातभर लांब, परातीएवढा रुंद, कपाळावर टेंगूळ, जाड ओठ. दिवसभर काचेला नाक लावून गिऱ्हाइकांकडं बघत राहायचा. काम काय न्हाई, दोन वक्त खायला. म्हणून त्याचं नाव पडलं शेठजी.

आता आम्ही लिंगायत. घरात अंड्याचं नाव निघालं तरी माझ्या सासूबाई चूळ भरायच्या. त्या घरात मासा! भावकीनं जीव खाल्ला. पण हे काय ऐकतात? ह्यांनी माशालाच सुधरवायला घेतलं. भिजवलेली सालाची मूगडाळ, मेथी, केळं, भाकरीचा कुस्करा. श्रावणात सोमवारी ह्यांचा उपास, म्हणून त्याचाबी उपास. मासा बिचारा काय करतो, वरून काही पडलंच न्हाई तर उपासच की. माझी नणंद रत्नम्मा एकदा म्हणली, "वहिनी, एवढं पाळतो तर आता स्वामींना बोलवा अन् ह्याला दीक्षाच देऊन टाका." ह्यांनी तिच्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला.

मला विचाराल तर मला तो मेला बिलकुल आवडायचा न्हाई. काच घासायची कुणी? मी. पाणी बदलायचं कुणी? मी. ह्यांचं काम काय, तर बोलायचं. ह्या जातीचा मासा पाण्यात राहून बी वरची हवा घेतो. घडीघडीला वर येतो, गप्पकन तोंड उघडतो, घोट घेतो अन् खाली जातो. तेवढा आवाज आला की हे गल्ल्यावरून म्हणायचे, "हां, बोला शेठजी." अन् मग सुरू. बाजारात काय झालं, कोण कसं बेइमान निघालं, पितळेत हल्ली कशी भेसळ हाय. माझ्याशी दिवसभरात चार शब्द, अन् त्यातले दोन "चहा टाक".

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्या उन्हाळ्यात तर कहर झाला. माणसांना प्यायला पाणी न्हाई, अन् बसलिंगप्पाच्या पेटीत मासा पोहून राहिला, म्हणून गल्लीत कुजबुज सुरू झाली. ह्यांनी आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, कपाळाला भस्म लावायचं अन् स्वतःच्या वाटणीची बादली शेठजीच्या पेटीत. वास यायचा हो! पण शेठजी जगला. मेलं ते दुकान. त्याच उन्हाळ्यात घरोघर निळे ड्रम आले, निळे टब आले, प्लास्टिकच्या घागरी आल्या. टँकर आला की पळायचं असतं, तिथं तांब्याचा जड हंडा कोण उचलणार?

अन् ते प्लास्टिक विकायला पुढं कोण? माझा सख्खा भाऊ, गुंडप्पा. आमच्याच दुकानात धंदा शिकला अन् माझ्या माहेरी, चाकूरला, प्लास्टिकचं मोठं दुकान टाकलं. त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर म्हणून सगळ्यांना प्लास्टिकचा डबा दिला. ह्यांना बी दिला. हे भरल्या पंगतीतून, वाढलेल्या ताटावरून उठले. आमच्याकडं ताटावरून उठणं म्हणजे काय हे सांगायला नको. मेल्यावर बी लोक विसरत न्हाईत. तेव्हापासून माझं माहेर बंद. चाकूरवरून कितीदा गेले असेन, एसटीच्या खिडकीतून भावाचं दुकान बघायचं अन् पदर डोळ्याला लावायचा, एवढंच.

असं करत करत शेवटी दुकानाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. वीरेश विष्णुपुरीला कॉलेजात शिकवतो, तिथंच घर बांधलंय, मागं मोठं अंगण. किती दिवस म्हणून राहिला होता, "अप्पा, इकडं या." माझा तर जीव तिकडंच. नात अक्षरा तिथं, सून मंजुश्री लाघवी, अन् घराला जिने न्हाईत. पण हे रोज सकाळी उठायचे, रिकाम्या दुकानाचं शटर वर करायचे, रिकाम्या फळ्या फडक्यानं पुसायचे अन् बसायचे. गिऱ्हाईक न्हाई, माल न्हाई. मासा अन् हे, एकमेकांकडं बघत. मला ते बघवायचं न्हाई. वाटायचं, एक दिवस शटर वर जायचं तेवढं जाईल अन् खाली ओढायला माणूस राहायचा न्हाई.

शेवटी वीरेशनं अंगणात माशासाठी हौद बांधला. चांगला छातीएवढा खोल, कमळाची पानं सोडलेली, वरून जाळी, मांजर अन् बगळा येऊ नये म्हणून. पाणी पंधरवडाभर आधी भरून मुरवलेलं. फोनवर म्हणला, "अप्पा, आता तरी?"

ह्यांनी शर्त घातली. "शेठजीला आधी नेऊ. तो तिथल्या पाण्यात जगला तर मी राहतो. न्हाई जगला तर मी माझ्या दुकानात, तुम्ही तुमच्या घरात. पार्वतीला यायचं तर येऊ दे."

ऐका! एवढी वर्षं ज्या मुडद्याची काच घासून माझी कंबर गेली, माझं सगळं म्हातारपण आता त्याच्याच कल्ल्यांना टांगलेलं. मी त्या दिवसापासून शेठजीची अशी सेवा केली की काय सांगू. डाळ सोलून द्यायचे. रात्री उठून बघायचे, हाय का गेला. नवस बोलले, ते बी माशासाठी. महादेवाला काय वाटलं असंल!

शिवरात्रीनंतर, ऊन तापायच्या आत निघायचं ठरलं. मासेवाल्यानं वीरेशला सगळं नीट सांगितलं होतं. आधी दोन दिवस खायला देऊ नका, म्हणजे वाटेत पाणी घाण होत न्हाई. भांडं अर्धं भरा, वर हवा राहू द्या. वरून फडकं बांधून अंधार करा, म्हणजे उडी मारत न्हाई. तिथं पोचल्यावर एकदम हौदात टाकू नका, हौदाचं पाणी थोडं थोडं त्याच्या पाण्यात मिसळा. उपासाचं ऐकून ह्यांची छाती फुगली. "आमच्या शेठजीला उपासाची सवय हाय म्हणावं."

गाडी ठरवली छोटा हत्ती. ड्रायव्हर सटवाजी, नायगावचा. त्यानं पेटीत वाकून बघितलं अन् त्याचे डोळे चमकले. "काकू, राग नका येऊ देऊ, पण पाच किलोच्या खाली न्हाई हां." मग माझ्याकडं बघून ओठ पुसले. गुणाचा होता पण, येताना मोठा निळा टब घेऊन आला होता.

ह्यांनी टबाकडं बघितलं. टिचकी मारली. फद्द आवाज आला. "ह्याच्यात? शेठजीला? उतरव खाली."

मग आतून निघालं तांब्याचं घंगाळ. एका मठानं अभिषेकाच्या पाण्यासाठी सांगून करवून घेतलं अन् न्यायच्या आतच मठानं स्टीलची टाकी बसवली. पाळण्याएवढं घंगाळ, दोन माणसांनी उचलायचं. दुकानात शेवटचं राहिलेलं भांडं ते. हे मला म्हणले, "चिंच-मीठ लावून लख्ख घास. तांब्यातलं पाणी अमृत असतंय. शेठजी जाईल तर थाटात जाईल." मी घासलं. एवढं लख्ख घासलं की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. नळाला पाणी आलेलं न्हवतं, म्हणून एकाच पाण्यानं विसळलं. मग ह्यांनी पेटीतलं पाणी ओतलं, मासा चादरीत धरून आत सोडला, वर ओलं धोतर बांधलं. सटवाजीनं टब आमच्या ओट्यावर ठेवला अन् डोकं हलवलं.

मी पुढं सटवाजीजवळ बसले. हे मागं, घंगाळाला मिठी मारून.

सटवाजी सगळ्या वाटेनं माशांबद्दलच बोलून राहिला. विष्णुपुरीच्या धरणाचा मासा कसा, नदीचा कसा, कालवण कसं करायचं. मी पदर नाकाला लावून "शिव शिव" म्हणत होते. अष्टामोडला चहाला थांबलो. मी मागं जाऊन विचारलं, "काय म्हणतो शेठजी?" हे म्हणले, "झोपलाय." चहा घेतला न्हाई. मला वाटलं, लेकरू सासरी धाडताना बापाचं होतं तसं झालं असंल. मी पुढं जाऊन बसले.

चाकूर दोनेक कोसांवर राहिलं असंल. मागून केबिनच्या पत्र्यावर धाडधाड आवाज. हे ओरडून राहिले, "थांबव! थांबव मायला! शेठजी चालला!"

उतरले. गुडघे विसरले, चाकावर पाय देऊन वर चढले. धोतर सोडलं होतं. शेठजी आडवा झालेला. अंगावरून पांढरा मळ सुटून पाण्यात तरंगून राहिलेला, कल्ले धापाधापा हलत होते, डोळ्यावर साय आल्यासारखी. सटवाजी मागून म्हणला, "काकू, मेला तर फेकू नका हां." ह्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो चार पावलं मागं सरला.

पाण्याला एक वास येऊन राहिला होता. माझ्या ओळखीचा वास. मी बोट बुडवलं अन् चाटलं. हाव, चाटलं! माशाचं पाणी, लिंगायताच्या बाईनं, भर रस्त्यात. सात पिढ्या वर बसून थू थू म्हणल्या असतील. पण जिभेनं लगेच सांगितलं.

"अहो, पाणी कळकलं!"

बिनकल्हईच्या तांब्यात ताक ठेवलं, चिंचेची आमटी ठेवली की कळकते, जहर होते, हे शेंबड्या पोरीला बी ठाऊक असतंय. अन् आम्ही काय केलं? चिंच लावून घासलेल्या, नीट न विसळलेल्या, बिनकल्हईच्या तांब्यात जीव ठेवला. मी ओरडले, "सगळ्या जिल्ह्याला कल्हई करून घ्या म्हणून सांगितलंत! तुमच्या अकलेला कल्हई कुणी करायची?"

हे नुसते म्हणले, "गाडी लातूरला वळव."

"लातूरपर्यंत हा टिकत न्हाई," मी म्हणले. "सटवाजी, पुढं चल. चाकूरला. माझ्या भावाचं दुकान हाय."

"तिथं न्हाई," हे म्हणले.

"मग मरू द्या इथं. सांगा, मरू द्यायचं?"

ह्यांनी मान खाली घातली. सटवाजीनं गाडी अशी काढली की घंगाळातलं अर्धं पाणी ह्यांच्या अंगावर.

गुंडप्पाच्या दुकानासमोर बादल्या, टब, घागरी, सगळं रंगीबेरंगी छतापर्यंत लटकवलेलं. किती वर्षांनी त्या पायऱ्या चढले. भाऊ गल्ल्यावर. केस पार पिकले होते. मला बघून उभा राहिला, अन् मी रडायला लागायच्या आत म्हणले, "रडणं मागून. मोठा टब दे अन् साधं पाणी दे. मासा मरून राहिला."

त्यानं बाहेर वाकून बघितलं. गाडीत दाजी, घंगाळाला धरून, ओले चिंब, तोंड दुसरीकडं. अन् हा माझा भाऊ बी त्याच मातीचा! हाताची घडी घालून म्हणला, "अक्का, तू मागितलंस तर दुकान देईन. पण मासा तुझा न्हाई. ज्याचा हाय त्यानं मागावं. तोंडानं."

"गुंड्या, मेल्या, ही येळ हाय का?"

"हीच येळ हाय. माझ्या पोरीच्या लग्नात ताटावरून उठले ते. मी तोंडानं बोलावं म्हणून सांगून राहिलो, पाया पडावं म्हणून न्हाई."

मी दोघांना दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या न्हाईत. समोरचा पानवाला बी दुकान सोडून ऐकायला आला. तेवढ्यात हे गाडीतून उतरले. चप्पल गाडीतच. पायरीपाशी आले. ओठ हलले, आवाज आला न्हाई. मग आला.

"गुंडप्पा, एक टब दे."

"कशाचा, दाजी? तांब्याचा तर मी ठेवत न्हाई."

लई कडू बोलला. मला वाटलं, आता हे फिरले मागं. पण ह्यांनी भावाच्या तोंडाकडं सरळ बघितलं अन् म्हणले, "प्लास्टिकचा. मी मागून राहिलो, दे बाबा. मरंल तो."

ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. अन् गुंडप्पाचं तोंड असं उतरलं की त्याला टोला बसलाय असं वाटावं. "अरे, दाजी, अरे..." म्हणत त्यानं वर लटकवलेला सगळ्यात मोठा टब असा ओढला की चार बादल्या त्याच्या डोक्यात पडल्या. मागच्या हौदातलं कालचं पाणी स्वतः आणलं, घागरीवर घागरी. ह्यांनी ते ओलं धोतर माशाखाली घातलं, दोघांनी मिळून तो उचलला, अन् टबात, अर्ध्या पाण्यात सोडला. शेठजी पुन्हा आडवा. हे हातानं त्याला सरळ धरून बसले. गुंडप्पा मगानं वरून पाणी सोडून राहिला. किती वेळ गेला काय की. मग शेठजीनं शेपूट हलवलं, वर आला, गप्पकन तोंड उघडलं. पानवाल्यानं टाळी वाजवली.

घंगाळ गुंडप्पाच्या ओट्यावरच राहिलं. अन् गुंडप्पा गाडीत चढला. म्हणला, "टब दोघांनी धरल्याशिवाय हिंदकळतो." कुणी बोलावलं न्हाई, कुणी नको म्हणलं न्हाई. गल्ला उघडा टाकून आला, बायकोला फोन वाटेतून केला.

अहमदपूरपर्यंत मागं चिडीचूप. मी खिडकीतून मान वाकडी करून बघितलं तर दोन म्हातारे टबाच्या दोन बाजूंना, मध्ये मासा, तिघंबी गप. लोहा आलं अन् मागून भांडणाचा आवाज सुरू झाला. हे म्हणत होते, "जाडी बघ ह्याची, उन्हात दोन वर्षांत तडकतो!" गुंडप्पा म्हणत होता, "पाच वर्षांची हमी हाय, दाजी!" मग टिचकीचा फद्द आवाज, अन् पुन्हा भांडण. माझ्या डोळ्यांना धार लागली. सटवाजी म्हणला, "काकू, रडू नका, जगंल तो." मी म्हणले, "तू रस्त्याकडं बघ."

विष्णुपुरीला वीरेश फाटकाबाहेर उभा होता. टब हौदाच्या काठावर सावलीत ठेवला. ह्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. मंजुश्रीच्या न्हाणीतला गुलाबी मग घेतला अन् हौदाचं पाणी एक मगभर टबात, जरा थांबायचं, पुन्हा अजून एक. जेवणं झाली आमची. गुंडप्पा पोरासारखा ताटभर जेवला. हे तिथंच, गुलाबी मग घेऊन. ऊन कलल्यावर टब तिरका केला. शेठजी टबाच्या काठावरून घसरला, हौदात गेला, अन् कमळाच्या पानांखाली गडप.

बाकीचे चहाला आत गेले. मी अन् हे काठावर बसलो.

पाणी हलंना. मी मनात म्हणून राहिले, ये रे बाबा वर, ये. ह्याला हवा घ्यायला वर यावंच लागतंय. आला तर जगला, न्हाई आला तर माझा संसार पुन्हा त्या रिकाम्या दुकानात. ह्यांनी काठाला टिचकी मारली, जशी पेटीच्या काचेला मारायचे. काही न्हाई. पुन्हा मारली. काही न्हाई.

मग पार पलीकडच्या कोपऱ्यात गप्प असा आवाज झाला. जाड ओठ वर आले, घोट घेतला, अन् शेपटीचा असा फटका मारला की पाणी आमच्या तोंडावर. खाली जाऊन हौदाला पूर्ण एक चक्कर मारली. एवढं लांब त्याला आयुष्यात पोहायला मिळालं न्हवतं. आमच्याकडं ढुंकून बघितलं न्हाई.

"जगला," मी म्हणले. लई मोठ्यानं म्हणले असेन.

हे पाण्याकडं बघत म्हणले, "मला अष्टामोडलाच कळलं होतं."

"काय?"

"पाणी कळकलंय ते. सगळी उमर तांब्यात गेली माझी. मला वास कळणार न्हाई का?"

मला आधी समजलंच न्हाई. "मग बोलला कामून न्हाईत?"

"मनात आलं, मेला तर मेला. मग लातूर सोडावं लागणार न्हाई."

माझ्या अंगात आग पेटली. "म्हणजे तिथून चाकूरपर्यंत तुम्ही त्याला मरताना बघत बसला?"

"हाव."

"अन् मग ओरडलात कशाला?"

ह्यांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं. मग म्हणले, "तो वर आला. तोंड उघडलं. अन् माझ्याकडंच बघून राहिला. त्याला काय ठाऊक मी कशाची वाट बघत बसलोय ते. त्याला वाटलं, मी हाय."

अन् हा माणूस रडला. आई गेली तेव्हा रडला न्हवता, दुकान गेलं तेव्हा न्हाई. उपरण्यात तोंड घालून, आवाज दाबून. मला त्याचा राग लई आला होता, अन् त्याच रागात मला दिसलं की मी सुद्धा एवढे दिवस तेच करून राहिले होते. ह्या माणसाला त्याच्या पाण्यातून उचलायचं ठरवलं होतं, अन् त्याचा जीव राहतो का जातो हे धडपणी एकदा बी विचारलं न्हवतं.

मी म्हणले, "उठा. सटवाजीची गाडी दारातच हाय. जाऊ लातूरला. मासा जगला म्हणून हरून आलेला नवरा मला नको. जिथं तुम्हाला बरं वाटंल तिथं राहू. मी करेन तुमचं."

मी खरंच म्हणले. अक्षराचा आवाज आतून येऊन राहिला होता, पण मी खरंच म्हणले.

ह्यांनी तोंड वर केलं. "अन् शेठजी?"

"राहील इथं. वीरेश टाकंल डाळ."

"वीरेश?" हे ताडकन उभे राहिले. "त्याला डाळ किती भिजवायची ते कळतंय का? सालासकट टाकंल तो! बगळा आला तर कोण बघणार? शेठजीला इथं परक्या पाण्यात टाकून मी लातूरला जाऊ? अक्कल हाय का तुला, येडे? उगं काय बी बरळते! जा, आत जाऊन डाळ भिजू घाल आधी!"

बोलणी खाऊन जिवाला एवढं बरं वाटलं, असं आमच्या संसारात पहिल्यांदाच झालं.